शिशाचे छर्रे सोडताना : ब्रिटनमधील पक्षी-शिकारीसाठी बंदूक, काडतूस आणि अंतराची नवी जुळणी

ब्रिटनमधील शिकार आणि ग्रामीण जीवनाशी निगडित नऊ संघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये एक संयुक्त निवेदन काढले. शॉटगनने होणाऱ्या शिकारीतून शिशाचे छर्रे आणि एकदा वापरून फेकले जाणारे प्लास्टिक पाच वर्षांत स्वेच्छेने हद्दपार करावे, असे त्यात म्हटले होते. मुदत सरत आली तेव्हा केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने २०२४-२५ च्या हंगामातील फेझंट पक्षी तपासले. ज्या १७१ पक्ष्यांच्या अंगात छर्रे सापडले, त्यांपैकी ९९ टक्के पक्षी शिशानेच मारलेले निघाले. स्वेच्छेने हे होणार नाही हे दिसल्यावर सरकारने जुलै २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. एक टक्क्याहून अधिक शिसे असलेले छर्रे आणि तीन टक्क्यांहून अधिक शिसे असलेल्या मोठ्या कॅलिबरच्या गोळ्या तीन वर्षांच्या संक्रमणकाळानंतर, म्हणजे २०२९ पासून, इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये वापरता येणार नाहीत, असे त्याचे स्वरूप आहे. शिसे सोडायचे की नाही हा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला असून कसे सोडायचे एवढाच उरला आहे.

निवेदनानंतरही शिशाचा वापर का हटला नाही, याचे एक कारण माझ्या मते असे की बहुतेकांनी काडतुसाचा खोका तेवढा बदलून पाहिला. बंदूक तीच, चोक (नळीच्या तोंडाशी असलेला आवळ) तोच, छर्ऱ्याचा नंबर (आकाराचा क्रमांक) तोच आणि बार टाकायचे अंतरही तेच ठेवून स्टीलचे काडतूस भरले, तर पक्षी जखमी होऊन निसटणार आणि दोष स्टीलच्या माथी जाणार, हे ठरलेलेच. बंदूक, चोक, छर्रा, वॅड (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये बसणारा भाग) आणि अंतर ही पाचही अंगे एकमेकांत गुंतलेली आहेत. एक बदलले की उरलेली चार पुन्हा तपासावी लागतात, आणि ती तपासणी हंगामाआधी कागदावर व्हायला हवी.

शिसे का नको, हे थोडक्यात सांगतो. पक्ष्यांना दात नसतात. ते बारीक खडे गिळतात आणि त्यांच्या पेषणीत अन्न त्या खड्यांवर दळले जाते. पाणथळ जागी किंवा शेतात पडलेला छर्रा त्यांना खड्यासारखाच दिसतो, तो पेषणीत झिजत राहतो आणि शिसे रक्तात उतरते. ब्रिटनमध्ये दर वर्षी ५० हजार ते एक लाख पाणपक्षी अशा विषबाधेने मरतात, असा वाइल्डफाउल अँड वेटलँड्स ट्रस्टचा अंदाज आहे. जखमी किंवा मेलेला पक्षी खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांपर्यंतही हे विष पोहोचते. माणसाच्या ताटाचे म्हणाल, तर शिशाचा छर्रा मांसात शिरताना त्याचे सूक्ष्म कण सुटतात आणि छर्रा काढून टाकला तरी ते जखमेभोवती राहतात. म्हणूनच ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने शिशाने मारलेल्या पक्ष्यांचे मांस लहान मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी शक्य तितके टाळावे, असा सल्ला दिलेला आहे.

कायद्याचा एक भाग मात्र २०२९ ची वाट पाहणारा नाही. इंग्लंडमध्ये १९९९ पासून बदके आणि हंस (गीज), तसेच कूट आणि मूरहेन या पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे कुठेही चालवता येत नाहीत, मग तो पक्षी तळ्यावर असो वा भर शेतावरून उडत असो. वेल्समध्येही असाच नियम आहे. स्कॉटलंडमध्ये बंदी पक्ष्यावर नसून पाणथळ जागेवर आहे. फेझंटच्या हाक्यात मध्येच एखादे मॅलार्ड बदक उठते आणि खिशातल्या शिशाच्या काडतुसाने त्याच्यावर बार टाकला जातो. तो गुन्हा आहे. सगळ्या दिवसासाठी बिनशिशाची काडतुसे बाळगली की ही अडचण उरतच नाही.

आधी बंदूक वाचा

नळ्या बंदुकीपासून सुट्या करून त्यांच्या बुडाशी, सपाट भागावर कोरलेल्या खुणा उजेडात पाहाव्यात. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेने, बंदूक कोणत्या दाबावर तपासली आणि तिच्या चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीची, लांबी किती, हे तेथे लिहिलेले असते. चेंबर ६५ मिमीचे असेल तर त्यात ७० मिमीचे काडतूस कधीही घालू नये. ते आत बसते, आणि धोका नेमका तिथेच आहे, कारण बार उडाल्यावर त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब एकदम चढतो. दुसरी शोधायची खूण म्हणजे फ्लर-द-ली, तीन पाकळ्यांच्या लिलीसारखे चिन्ह. ते असेल तर बंदूक जास्त दाबाच्या स्टील काडतुसांसाठी तपासलेली आहे.

स्टील काडतुसांचे दोन वर्ग आहेत आणि खोक्यावर ते छापलेले असतात. साध्या वर्गाच्या, म्हणजे स्टँडर्ड स्टीलच्या १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) काडतुसात छर्रा ३.२५ मिमीपेक्षा मोठा नसतो आणि दाबाची मर्यादा ७४० बार (येथे बार म्हणजे दाबाचे एकक) असते. नायट्रो प्रूफ झालेल्या (आधुनिक, बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्या), सुस्थितीतील आणि योग्य लांबीचे चेंबर असलेल्या बंदुकीतून ही काडतुसे साधारणपणे चालतात. हाय परफॉर्मन्स वर्गात दाबाची मर्यादा १०५० बार आहे. ही काडतुसे फक्त फ्लर-द-ली असलेल्या बंदुकीतूनच चालवावीत आणि छर्रा ४ मिमीपेक्षा मोठा असेल तर चोक हाफपेक्षा घट्ट नसावा (फुल चोक सर्वांत आवळ, मग हाफ, मग क्वार्टर). फेझंट आणि पार्ट्रिज (तित्तिरासारखा पक्षी) यांच्यासाठी बहुतेकांना दुसऱ्या वर्गाची गरजच पडत नाही. ती पडते ती किनाऱ्यावर मोठ्या हंसांची शिकार करणाऱ्यांना.

आजोबांच्या काळातली बंदूक हाती असेल तर गाठ गनस्मिथशीच, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराशीच, घालावी. तो नळीच्या भिंतीची जाडी मोजतो, चोक मोजतो, आणि नळी उजेडाकडे धरून आत पडलेल्या सावलीच्या कड्यांवरून कुठे फुगवटा आला आहे का ते पाहतो. फुल चोक असलेल्या नळीला हाफ किंवा क्वार्टरपर्यंत उघडून घेणे हे त्याच्यासाठी नेहमीचे काम आहे. दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या जुन्या) नळ्यांच्या किंवा फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या बंदुकीत स्टील कधीही घालू नये, आणि तीत कोणतेही नवे काडतूस घालण्याआधी दाबाचे आकडे जुळतात का, हे तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे.

कोणता धातू

हा सगळा हिशेब घनतेवर उभा आहे. शिशाची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे ११.३ ग्रॅम, बिस्मथच्या छर्ऱ्याची साडेनऊच्या वर, आणि ज्याला आपण स्टील म्हणतो त्या मऊ लोखंडाची ७.९ ग्रॅमच्या आसपास आहे. त्यामुळे त्याच आकाराचा स्टीलचा छर्रा शिशाच्या छर्ऱ्याच्या सुमारे सत्तर टक्केच वजनाचा भरतो आणि हवेत लवकर मंदावतो. उपाय असा की छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्यायचा (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). शिशाचा ६ नंबर, म्हणजे २.६ मिमीचा छर्रा वापरत असाल, तर स्टीलचा ४ नंबर, म्हणजे ३.१ मिमीचा घ्यावा. गणित करून पाहिले तर शिशाचा तो छर्रा सुमारे ०.१० ग्रॅमचा आणि स्टीलचा हा सुमारे ०.१२ ग्रॅमचा येतो. म्हणजे वजनात स्टील कमी पडत नाही. कमी पडते ती संख्या. २८ ग्रॅममध्ये शिशाचे सुमारे २७० छर्रे मावत असतील तर स्टीलचे २३० च्या आसपास मावतात, आणि ती तूट भरून काढायची असेल तर ३२ ग्रॅमचे काडतूस घ्यावे लागते. जवळून उडणाऱ्या पार्ट्रिजला एवढ्या मोठ्या छर्ऱ्याची गरज नसते. तेथे ५ नंबरचा, २.८ मिमीचा स्टील छर्रा पुरतो आणि छर्ऱ्यांची संख्याही भरपूर राहते.

नंबरांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. इंग्लंडचा ५ नंबर आणि अमेरिकेचा ६ नंबर हे जवळपास एकाच आकाराचे आहेत, आणि दुकानात दोन्हीकडची काडतुसे शेजारी शेजारी मांडलेली असतात. खोक्यावरचा मिलिमीटरचा आकडा पाहावा आणि वहीत तोच लिहावा.

बिस्मथमध्ये थोडे कथील मिसळलेले असते, कारण शुद्ध बिस्मथ ठिसूळ असतो. तो नळीला शिशासारखाच सोसतो, फायबर वॅडसह चालतो आणि छर्रा एकाच नंबराने मोठा घेतला तरी भागते. जुन्या नाजूक बंदुकींसाठी, तसेच २८ बोअर आणि .४१० सारख्या लहान बंदुकींसाठी, जेथे स्टीलचे पुरेसे छर्रे काडतुसात मावतच नाहीत, हाच मार्ग सरळ आहे. त्याचा तोटा किमतीत आहे, कारण तो स्टीलच्या कित्येक पट महाग पडतो. टंगस्टन मॅट्रिक्स, म्हणजे टंगस्टनची भुकटी आणि प्लास्टिक यांचे मिश्रण, शिशाच्या सर्वांत जवळ जाते, पण त्याचीही किंमत तशीच चढी आहे. ज्याच्याकडे ७० मिमी चेंबरची आधुनिक १२ किंवा २० बोअर बंदूक आहे, त्याने महाग धातूंच्या मागे न लागता स्टँडर्ड स्टीलवरच हात बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुटी काडतुसे एकत्र झाली आणि कशात काय आहे ते कळेनासे झाले, तर छपाई पुसलेले काडतूस बाजूला ठेवावे. ते वापरू नये. सुटा छर्रा हाती असेल तर तो ओळखणे सोपे आहे. स्टीलचा छर्रा लोहचुंबकाला चटकन चिकटतो. शिसे आणि बिस्मथ चिकटत नाहीत, पण पक्कडीत दाबल्यावर शिसे भाकरीच्या गोळ्यासारखे चपटे होते आणि बिस्मथचा तुकडा पडतो. स्टीलवर पक्कडीचे दात कसेबसे उमटतात. त्याच कडकपणातून पुढच्या दोन गोष्टी येतात : वॅड आणि उलटून येणारे छर्रे.

वॅड

शिशाचा छर्रा नळीला घासला तरी स्वतःच झिजतो. स्टीलचा छर्रा नळीला ओरखडे पाडू शकतो, म्हणून तो पेल्यासारख्या वॅडमध्ये पूर्ण बंद असावा लागतो. पूर्वी हा पेला फक्त प्लास्टिकचा असे आणि शेतकरी तो आपल्या कुरणात पडलेला पाहून वैतागत. आता कागदी, वनस्पतिजन्य किंवा पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांचे पेले असलेली स्टील काडतुसे मिळतात. ती खरेदी करताना ‘स्टीलसाठी’ असा स्पष्ट उल्लेख पाहावा, आणि घरी ओलसर फडताळात ठेवू नयेत, कारण पाण्यात विरघळणारी वस्तू दमट हवेत कशी टिकेल याचा भरवसा धरता येत नाही. ज्या शेतावर किंवा शूटवर (आयोजित शिकारीच्या ठिकाणी) जाणार तेथील वॅडचा नियम आधी विचारून घ्यावा. बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकला मज्जाव आहे.

चोक आणि कागदावरची चाचणी

शिशाचे छर्रे बार होताना एकमेकांवर दाबले जाऊन वेडेवाकडे होतात आणि त्यांतले बरेच बाजूला भरकटतात. स्टीलचे छर्रे गोलच राहतात, त्यामुळे त्यांचा झोत मुळातच घट्ट असतो. हाफ चोकमधून शिसे जसे पसरायचे, तसा पसारा स्टीलला बहुधा क्वार्टर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर (क्वार्टरहून थोडा उघडा चोक) यांतूनच मिळतो. ‘बहुधा’ असे म्हणण्याचे कारण एकच, की प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा असतो आणि एकाच बंदुकीच्या दोन नळ्याही एकसारख्या छापत नाहीत. म्हणून चाचणीला पर्याय नाही.

ती अशी करावी. सव्वा मीटर रुंद जाड कागद लाकडी चौकटीवर ताणून बसवावा आणि त्याच्या मागे मऊ मातीचा उंच बांध असावा. लोखंडी पॅटर्न प्लेट स्टीलसाठी वापरू नये, कारण छर्रे सरळ उलटून अंगावर येतात. कागदाच्या मधोमध एक ठळक ठिपका काढून ३५ यार्डांवरून, म्हणजे सुमारे ३२ मीटरवरून, पक्ष्यावर टाकतो तसा सहज बार टाकावा. नंतर छर्रे सर्वांत दाट पडले असतील तेथे मध्य धरून ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखावे आणि आतली भोके मोजावीत. मोजलेल्या प्रत्येक भोकावर पेन्सिलीची खूण करावी, नाही तर शंभराच्या आसपास हमखास चूक होते. फेझंटसाठी १२० च्या आसपास छर्रे वर्तुळात पडावेत अशी अपेक्षा धरली जाते. पण संख्येइतकेच पसरणीकडेही पाहावे. तळहाताएवढी मोकळी जागा वर्तुळात ठिकठिकाणी दिसत असेल, तर पक्षी त्या फटीतून जखमी होऊन जातो. एका बारावर निष्कर्ष काढू नये. प्रत्येक नळी आणि प्रत्येक काडतूस यांच्या जोडीला किमान चार-पाच कागद द्यावेत. दाट पुंजका दर वेळी ठिपक्याच्या डाव्या-उजव्या बाजूला पडत असेल तर तो दोष काडतुसाचा नाही. दस्ता अंगाला बसत नाही, असे समजावे.

त्यानंतर हेच कागद ४० यार्डांवर लावावेत. बहुतेक वेळा वर्तुळातील संख्या अपेक्षेखाली घसरलेली दिसते. आपल्या बंदुकीची मर्यादा कुठे संपते हे त्या कागदावर लिहिलेले असते, आणि ती मर्यादा हंगामभर पाळायची असते. स्टँडर्ड स्टीलसाठी ३५ यार्ड ही साधारण शहाणपणाची हद्द आहे. खरे सांगायचे तर शिशानेही ४० यार्डांपलीकडे टाकलेल्या कित्येक बारांना ‘लागला तर लागला’ एवढाच अर्थ होता. स्टीलने ते उघडे पाडले, इतकेच.

पुढे किती धरायचे, म्हणजे उडत्या पक्ष्याच्या पुढे किती अंतरावर बार टाकायचा, यात काही बदल करण्याची गरज नाही. स्टीलचे छर्रे नळीतून थोडे वेगाने निघतात आणि नंतर लवकर मंदावतात, त्यामुळे नेहमीच्या अंतरात फरक जवळपास मिटून जातो. झोत घट्ट असल्याने नेम चुकलाच तर पूर्ण चुकतो, हे मात्र लक्षात ठेवावे. क्ले पिजनवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर, त्याच काडतुसांचे दोन-तीन खोके चालवले की हातातला संशय निघून जातो.

मैदानावर

स्टीलचा छर्रा दगड, गोठलेली जमीन, पाण्याचा पृष्ठभाग आणि झाडाचे खोड यांवरून शिशापेक्षा जोराने उलटतो. म्हणून खालून उडणाऱ्या पक्ष्यावर बार टाळावा, पक्ष्याच्या मागे आकाश दिसत नसेल तर बंदूक उतरवावी, आणि हाका शेवटच्या टप्प्यात येऊन हाकेकरी जवळ पोहोचले की समोरच्या बाजूला बार पूर्ण थांबवावेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, आणि तो बंदूकधाऱ्याइतकाच हाकेकऱ्यांनाही हवा. शूटच्या मालकाने सकाळच्या सूचनांमध्ये हे एकदा मोठ्याने सांगितले तर बरे, कारण अनेकांना अजून शिशाच्या सवयीचेच अंतर डोळ्यांपुढे असते. लाकडासाठी राखलेल्या झाडांत स्टील रुतले तर पुढे करवतीचे पाते खराब होते, तेव्हा जमीनमालकाशी याबाबत आधीच बोलून घ्यावे.

शिकार विक्रीला जाणार असेल तर आणखी एक कारण आहे. वेट्रोजसारख्या दुकानसाखळीने २०१९ मध्येच शिशाने मारलेले पक्षी विकणार नसल्याचे जाहीर केले होते. शूटवर आठ बंदुका असतील आणि त्यांतली एक जरी शिसे वापरत असेल, तर साऱ्या दिवसाचा माल बिनशिशाचा म्हणून देता येत नाही. म्हणून निर्णय ज्याने-त्याने न घेता शूटच्या निमंत्रणातच तो लिहिलेला असावा.

रायफल असेल तर

हरणांसाठी रायफल वापरणाऱ्यांना तांब्याच्या गोळ्यांकडे वळावे लागेल. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतील आट्यांचा पीळ पुरेसा घट्ट लागतो. त्यामुळे पूर्वीपेक्षा थोड्या हलक्या वजनाची गोळी निवडावी. स्कॉटलंडने हरणांसाठीची गोळीच्या किमान वजनाची अट १०० ग्रेनवरून (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) ८० ग्रेनवर आणली ती याचसाठी. पहिल्या चाचणीआधी नळी तांब्याचा थर काढणाऱ्या द्रावणाने चकचकीत स्वच्छ करावी आणि मग नव्याने झीरो करावे, म्हणजे नेम गोळी पडते त्या जागेशी जुळवून घ्यावा. तांब्याची गोळी फुलण्यासाठी वेग लागतो, म्हणून लांब पल्ल्याचा मोह टाळावा. मांस कमी खराब होते हा त्याचा फायदा खाटकाच्या फळीवर लगेच दिसतो.

उरलेली शिशाची काडतुसे

कपाटातली शिशाची काडतुसे नव्या काडतुसांच्या पिशवीत कधीही मिसळू नयेत. बंदी लागू होईपर्यंत ती परवानगी असलेल्या क्ले मैदानावर संपवता येतील, मात्र त्या मैदानाने स्वतःहून शिसे बंद केलेले नाही ना हे पाहावे. जी उरतील ती कचऱ्यात टाकू नयेत, पुरू नयेत आणि जाळू तर मुळीच नयेत. परवानाधारक बंदूक विक्रेत्याला फोन करून ती जमा करून घेतो का ते विचारावे आणि मूळ खोक्यांतच, प्रकारानुसार वेगळी करून, त्याच्याकडे न्यावीत.